हो म्हणा, वहिनी

उज्वलाला एका जागी बसवायचं असेल तर तिच्यापुढे फुलांची रास ओता आणि हातात सुई-दोरा द्या, असं तिचा नवरा जीवन म्हणतो. हे अर्धंच खरं आहे. सुई चालू असली तरी तिचा एक पाय हलतच असतो. मखमलाबादच्या मळ्यातली फुलं तोडायची, पाट्या भरून नाशिकच्या फुलबाजारात आणायच्या, दुपारपर्यंत विकायच्या, उरल्यासुरल्या फुलांचे हार करायचे, आणि घरी आल्यावर पुन्हा सासूबाईंना विचारायचं, "आई, काही करायचं राहिलंय का?" सासूबाई, म्हणजे कलाबाई, कपाळाला हात लावतात. "बाई, बस की घटकाभर. तुला बघून माझेच गुडघे दुखायला लागलेत."

अशा बाईच्या वाट्याला या उन्हाळ्यात वाट बघायचं काम आलं. तिची काय गत झाली असेल बघा. त्यात धोंड्याचा महिना. अधिक महिन्यात लग्नं लागत नाहीत, लग्नं नाहीत म्हणून हार नाहीत, मुंडावळ्या नाहीत, नवरदेवाची गाडी सजवणं नाही. बाजार नुसता पेंगत होता. उज्वला पाटीशी बसायची, उठायची, फुलांवर पाणी मारायची, परत बसायची, आणि मध्येच पदराला हात पुसून मोबाईल उघडून बघायची. दिल्लीहून काही आलं का?

"कोनाचा फोन यायचाय एवढा?" शेजारी बसणाऱ्या फुलाबाईने एकदा विचारलंच.

"कोनाचा नाय," असं म्हणून उज्वलाने आत्ताच भिजवलेल्या फुलांवर परत पाणी मारलं.

फुलाबाईला खरं सांगायची सोय नव्हती. उज्वलाने गृहकर्ज देणाऱ्या कंपनीविरुद्ध तक्रार केली होती, थेट दिल्लीच्या सरकारी कार्यालयात. आणि ते कर्ज करून देणारा एजंट होता तिच्या घरचा जावई.

हे सगळं सुरू झालं तेही धोंड्याच्याच महिन्यात, मागच्या. तेव्हा सगळं घर मळ्यातल्या पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायचं. उज्वला वणीकडच्या खेड्यातून लग्न होऊन आली ती याच पत्र्याखाली, तिच्या दोन्ही पोरी रांगल्या त्याही इथेच. उन्हाळ्यात आत थांबवत नसे आणि पावसाळ्यात आवाजामुळे एकमेकांशी ओरडून बोलावं लागे. "सासरी आले तेव्हापासून ओरडतेय, लोकांना वाटतं माझा स्वभावच तसा," असं ती हसत सांगायची. पण डोक्यात एकच वेड होतं. डोक्यावर स्लॅब पाहिजे. म्हसरूळला रो-हाऊसची स्कीम उभी राहायला लागली, तेव्हा बाजारातून परतताना ती रोज वाट वाकडी करून तिथे जायची आणि भिंती कुठवर आल्या ते बघून यायची. घर अजून घेतलेलं नव्हतं, बयाणाही दिलेला नव्हता, पण तिथला वॉचमन तिला बघितलं की खुर्ची पुसून द्यायचा. त्याला वाटायचं मालकीणबाई आल्या.

त्या वर्षी धोंड्याच्या जेवणाला लेक-जावई आले. लेक म्हणजे लता, जीवनची धाकटी बहीण, कलाबाईंचा जीव की प्राण. जावई वाल्मीक. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि गंगापूर रोडवर चहाच्या दुकानाच्या माडीवर ऑफिस. लोकांना घरासाठी कर्ज मिळवून द्यायचं, कंपनीकडून कमिशन घ्यायचं, हा त्याचा धंदा. बोलायला असा गोड की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाला आपल्या काळजीने रात्री झोप लागत नसणार.

लताला नवऱ्याचं फार कौतुक. आजकाल बायका नवऱ्याला सर्रास नावाने हाक मारतात. उज्वलासुद्धा दवाखान्यात, बँकेत जीवनचं नाव बिनदिक्कत सांगते. लता मात्र घेत नसे. कुणाची सक्ती नव्हती, तिला ते पाळायला आवडायचं, एवढंच. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं तर ही मुकाट आधारकार्ड पुढे करणार. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, आणि उखाणा दर वेळी नवा, स्वतः जुळवलेला. त्या दिवशी ताटाभोवती रांगोळी होती, ताटात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. लताने पदर डोक्यावरून घेतला, सगळे गप्प झाले, आणि ती म्हणाली:

"मखमलाबादच्या मळ्यात झेंडूच्या राशी,
वाल्मीकरावांचं नाव घेते माहेरच्या माणसांपाशी."

सगळे हसले. वाल्मीकने लाजल्यासारखं केलं आणि उज्वलाकडे वळून म्हणाला, "वहिनी, घराचं मनावर घेतलंय ना तुम्ही? मग ते माझ्यावर सोडा. घरचं काम हे. तुम्ही फक्त सह्या करायच्या."

जावयाने आपण होऊन शब्द टाकला म्हणून कलाबाईंना भरून आलं. आणि इथेच उज्वला फसली. दुसऱ्या कुणी एजंटाने कागद आणले असते तर तिने एकेका ओळीवर बोट ठेवून त्याला घाम फोडला असता. किलोमागे दोन रुपयांवरून गिऱ्हाईकाशी भांडणारी बाई ती. पण जावयाला, तोही नुकताच धोंड्याचं जेवण जेवलेला, "हे काय लिहिलंय, वाचून दाखवा" म्हणायचं? असं आजवर त्या घरात कुणी केलं नव्हतं. वाल्मीकने जिथे जिथे पेन्सिलीने फुली मारली होती तिथे तिथे नवरा-बायकोने सह्या केल्या. शिवाय निघताना त्याला ताकही दिलं.

गृहप्रवेश दसऱ्याचा ठरला. आता फुलवाल्यांचं वर्ष उभं असतं ते दसऱ्याच्या आदल्या दिवसावर. खंडेनवमीला फुलबाजारात पाय ठेवायला जागा नसते. नेमका त्याच सकाळी वाल्मीक उज्वलाच्या पाटीशी हजर झाला. "वहिनी, कंपनीचा फोन येईल. ते काय काय विचारतील, सगळ्याला हो म्हणा. पैसे आज सुटले नाहीत तर बिल्डर किल्ली द्यायचा नाही, आणि उद्याचा मुहूर्त हुकला म्हणून समजा."

फोन आला. उज्वलाच्या एका हातात तराजू, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला, समोर गिऱ्हाइकांची ही गर्दी. पलीकडून कुणी मुलगी भराभरा काही विचारत होती. उज्वला हो म्हणत गेली. दुसऱ्या दिवशी किल्ली मिळाली, गृहप्रवेश झाला. वाल्मीकला टॉवेल-टोपी आणि श्रीफळ देऊन मान दिला. उज्वला स्लॅबखाली उभी राहून मुद्दाम हळू आवाजात बोलून बघत होती. ऐकू जात होतं. फुलाबाई पंगतीला होती. तिला उज्वलाने अभिमानाने सांगितलं, "घर झालं ते आमच्या वाल्मीकरावांमुळे."

ही गोष्ट तशीच झाकून राहिली असती. पण यंदा लगीनसराई बरी झाली, आणि हातात पैसे आले की उज्वलाला ते चावतात. ती कंपनीच्या गंगापूर रोडवरच्या शाखेत गेली, म्हणाली, एवढे कर्जात भरून घ्या. काउंटरवरच्या मुलीने सांगितलेला आकडा उज्वलाच्या आकड्याशी जुळेना. मूळ कर्जच लाखाच्या वर जास्त दिसत होतं.

"ते विम्याचे आहेत ना, मॅडम," मुलगी म्हणाली. "आणि थोडं फाईलचं शुल्क."

"कसला विमा?"

"तुमच्या मिस्टरांच्या जिवाचा. एकदम भरलाय, कर्जातच टाकून. तुम्हाला माहितीच असेल."

माहीत असायला कुणी सांगितलं होतं? तेवढ्या पैशांवरही इतके दिवस व्याज चढत होतं. उज्वलाला राग आला की ती चालते. गंगापूर रोडवरून म्हसरूळपर्यंत भर उन्हात चालत आली. घरी पोचली तेव्हा चपलेचा अंगठा तुटलेला होता.

जीवन मुळात गरीब स्वभावाचा. तो म्हणाला, "असंल काही नियम. वाल्मीकरावांना माहीत असंल."

"मग विचारा त्यांना."

"जावयाला?" जीवनने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने त्याला देवळात चप्पल घालून जायला सांगितलं होतं.

मग उज्वलाने आपल्यापुरता एक मार्ग काढला. जावयाला विचारायचं नाही ना? ठीक. कंपनीला तर विचारता येतं. न सांगता पैसे कंपनीने लावले, कंपनीने परत द्यावेत. वाल्मीकचं नावही घ्यायचं नाही. तिने अर्ज लिहिला, शाखेत देऊन पोच घेतली आणि महिनाभर वाट बघितली. उत्तर इंग्रजीत आलं. त्याचा अर्थ एवढाच निघाला की सगळं नियमाला धरून आहे. मग कळलं, या कंपन्यांवर देखरेख करणारं सरकारी कार्यालय दिल्लीत आहे आणि तिथे मोबाईलवरून तक्रार करता येते. पण एवढं सगळं बोटाने टाइप कोण करणार? फोनला बोलून दाखवलं की तो आपण होऊन लिहितो, हे तिला माहीत होतं. बाजारातच बसून तिने तक्रार बोलायला घेतली. पहिल्या खेपेला फोनने लिहिलं, "मला विम्याबद्दल कोणीही काहीही सांगितले नव्हते शेवंती पाव किलो घ्या ताई शेवटची आहे." ते पुसून तिने परत बोलायला सुरुवात केली.

आणि मग ती वाट बघणं. उठबस. पाणी मारणं.

उत्तर आलं ते एका मरगळलेल्या दुपारी. दिल्लीच्या कार्यालयाने कंपनीकडे खुलासा मागितला होता. कंपनीचं म्हणणं, ग्राहकाने फोनवर स्वतःच्या तोंडाने संमती दिलेली आहे, सोबत ध्वनिमुद्रण जोडलं आहे. उज्वलाने फोन कानाला लावला, आणि खंडेनवमीचा सगळा बाजार तिच्या कानात शिरला.

"मॅम, विम्याची रक्कम आपल्या कर्जात जोडली आहे. हे आपल्याला समजावून सांगितलं आहे का?"

"ऐंशी रुपये किलो, ताई, एक रुपया कमी नाय. हां? काय म्हनल्या?"

आणि मग अगदी जवळून, ओळखीचा, गोड आवाज. "हो म्हणा, वहिनी. नुसतं हो."

"हो, हो."

असंच पुढे. मुलगी विचारतेय, उज्वला फुलं जोखतेय, तो आवाज हो म्हणायला सांगतोय. स्वतःचं ते हो हो ऐकून तिला लाज वाटली. शेवटी मुलीने आभार मानले, पण फोन बंद व्हायच्या आत तो आवाज आणखी एकदा आला. वाल्मीक त्याच्या मोबाईलवर दुसऱ्या कुणाला हसत सांगत होता, "झाला कॉल. मुद्दाम आजचाच लावून घेतला. आज यांना श्वास घ्यायला सवड नसते."

उज्वलाने फोन खाली ठेवला, परत उचलला, परत ऐकलं. चूक झाली असती, घाई झाली असती, तर तिने सोडून दिलं असतं. पण हे मुद्दाम होतं. तिचा वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस त्याने नीट हेरून ठेवला होता. कंपनीतल्या कुणी ते शेवटपर्यंत ऐकलंही नसणार, नाहीतर पाठवलं नसतं. दिल्लीच्या अधिकाऱ्याने मात्र ऐकलं होतं. खाली एकच प्रश्न होता: ग्राहकाला उत्तरे सुचवणारी ही दुसरी व्यक्ती कोण, हे पंधरा दिवसांत कळवावे, अन्यथा उपलब्ध माहितीवर तक्रार निकाली काढण्यात येईल.

म्हणजे शेवटी नाव घ्यायचं ते घ्यायचंच होतं.

कंपनीने वाल्मीकलाही विचारलं असणार. कारण दोन दिवसांत त्याचा जीवनला फोन आला. आवाज तसाच गोड. "वहिनींना म्हणावं, ते मागे घ्या. घरातली गोष्ट घरात राहू द्या. माझा एजंटचा नंबर बंद झाला तर मी काय करायचं? आणि तसं होणार असेल तर आम्हाला धोंड्याला बोलवू नका. यंदा नाही, पुढेही नाही. लतासुद्धा यायची नाही."

कलाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी हातातल्या पाटल्या काढून त्यांनी उज्वलापुढे ठेवल्या. "या मोड. तुझे पैसे यातून वळते करून घे. पन माझ्या लेकीचं माहेर तोडू नको, बाई."

पाटल्या परत त्यांच्या हातात चढवताना उज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. लता माहेरी आल्यावर कशी दारातच चपला भिरकावते, 'आई, काय केलंय खायला' म्हणत थेट डब्यात हात घालते, हे तिला दिसत होतं. तक्रार मागे घ्यायला मोबाईलवर एक बटण होतं. दुसऱ्या दिवशी बाजारात बसून ती तिथपर्यंत गेलीसुद्धा. बोट टेकवणार, तेवढ्यात पलीकडच्या पाटीवरून फुलाबाई म्हणाली, "अगं, सांगायचं राहिलंच. पोराच्या घराची फाईल तुमच्या वाल्मीकरावांकडंच दिली. सोमवारी सह्या हायेत."

उज्वलाचं बोट तिथेच थांबलं. "सही करायच्या आधी सगळं वाचून घे, फुलाबाई."

"मला कुठं वाचता येतंय? आन तुमचेच जावई ना ते? तुमचं घर उभं केलं, मग आमाला काय वाचायची गरज?"

उज्वलाच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण भर बाजारात आपल्याच जावयाला लबाड कसं म्हणायचं? तिने एक हार ओवला, उसवला, परत ओवला. त्या आठवड्यात तिने काय केलं ते विचारा. नळाची गळती काढली, माळा झाडला, कोरडे कपडे परत धुतले. पोरी सुटीला वणीला मामाकडे होत्या. त्यांना दिवसातून इतक्यांदा फोन केला की धाकटी म्हणाली, "आई, आम्ही सकाळपासून तेच करतोय गं." पहाटे मळ्यात फुलं तोडताना ती उमललेली सोडून कळ्याच तोडायला लागली, तेव्हा जीवनने तिचा हात धरला.

"मला काय वाटत नसंल?" तो म्हणाला. "माझ्याच जिवाचा विमा, आन मलाच पत्ता नाय. पन लताचं तोंड आठवतं मला." मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "रविवारी येतायेत ते दोघं. धोंड्याला. मी वाल्मीकरावांना सांगितलंय, तू मागे घेशील म्हनून."

उज्वला त्याच्याकडे बघतच राहिली. "माझ्या वतीनं हो म्हणालात? मला न विचारता? तुम्हीपण?"

ओंजळीतल्या कळ्या पाटीत टाकून उज्वला बांधावरून चालत सुटली, ती थेट विहिरीपर्यंत. परत आली तेव्हा तिचं ठरलेलं होतं. पण काय ठरलंय, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

रविवारी ती अंधारात उठली. पुरण वाटलं, कणकेत भरून धोंडे उकडले, आंब्याचा रस काढला. तळून ठेवलेले तेहतीस अनारसे पितळी ताटात रचले. वर ठेवायला चांदीचा दिवा घासून लख्ख केला. जावयाच्या मानात तिला कुठे बोट ठेवायला जागा सोडायची नव्हती. दिवा घासून झाल्यावर तिने मागच्या दारी जाऊन फुलाबाईला फोन लावला. "उद्या सही करायला जाऊ नको. का ते बाजारात आल्यावर सांगते." फुलाबाई का-का करत राहिली. उज्वलाने फोन ठेवला आणि रसात वेलदोडा घातला.

लता आली. चपला भिरकावल्या नाहीत, नीट काढून ठेवल्या. स्वयंपाकघरात येऊन ओट्याशी उभी राहिली. बाहेर वाल्मीक कलाबाईंना खुशाली विचारत होता.

"वहिनी, तू ह्यांच्यावर तक्रार केलीस म्हणे."

"ह्यांच्यावर नाय गं. कंपनीवर."

"मग हे का एवढे चिडलेत? मला नीट काही सांगत नाहीत. कसलंसं रेकॉर्डिंग आहे म्हणे तुझ्याकडं. ऐकव मला."

उज्वलाने मान हलवली. "नको, लता. आज सणाचं जेवण हे."

"ऐकव."

उज्वलाने फोन तिच्या कानाला लावला आणि स्वतः रस ढवळत राहिली, ढवळायची काही गरज नसताना. 'ऐंशी रुपये किलो' ऐकून लताला आधी हसू आलं. मग तिची मान वर झाली. शेवटपर्यंत ऐकून तिने फोन ओट्यावर ठेवला.

"त्या वेळी हे मला म्हणाले होते," ती हळूच म्हणाली, "तुझ्या माहेरच्या कामात मी कमिशनचा एक रुपयाही ठेवणार नाही. मी आईला फोन करून सांगितलं होतं, वहिनी. शेजारपाजारच्या बायकांनाही सांगत फिरले होते."

उज्वलाने लताच्या हातात तुपाचं भांडं दिलं. दोघी बाहेर आल्या.

जेवण व्यवस्थित झालं. वाल्मीक मनापासून जेवला, धोंडा मागून घेतला, रसाची तारीफ केली. उखाण्याचं कलाबाईंनी काढलं, तर लता म्हणाली, "नंतर घेते." हात धुऊन वाल्मीक पाटावर येऊन बसला. जीवनने वाणाचं ताट उचलून त्याच्यापुढे धरलं. वर दिवा लावलेला. वाल्मीकने हात पुढे केले नाहीत. हसून उज्वलाकडे बघितलं.

"वहिनी, ते तेवढं झालं ना? म्हणजे मी वाण घ्यायला मोकळा."

कलाबाईंनी डोळे मिटून घेतले. जीवन ताट धरून तसाच उभा.

"नाही झालं, वाल्मीकराव," उज्वला म्हणाली. " होणारही नाही. तुमच्या सांगण्यावरून मी लय वेळा हो म्हणाले. आज नाही म्हणते. आणि उद्या फुलाबाईकडं जाऊ नका, तिला मी थांबवलंय. जेवणात काही कमी पडलं असेल तर तेवढं सांगा, ते आत्ता वाढते."

वाल्मीकच्या चेहऱ्यावरचा गोडवा पहिल्यांदाच उतरलेला उज्वलाने बघितला. तो उठला. "मान करायला बोलावलं होतं का हे ऐकवायला? चल, लता. या दारात परत पाय ठेवायचा नाही. ना मी, ना तू."

लता भिंतीला टेकून बसली होती. ती उठली नाही.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "वाण लेक-जावयाचं असतं. अर्धं माझं हे. मी घेऊन येते."

तो दारात थोडा थांबला, बहुतेक ती उठेल म्हणून. मग बूट घातले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, वळून निघून गेल्याचाही आला. जीवनने ताट खाली ठेवलं. कलाबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या.

"परत येऊ देतील का गं तुला ते?"

लताने आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि उज्वलाकडे बघितलं. "काय कळवायचंय त्यांना, वहिनी?"

"तो आवाज कुणाचा, एवढंच. मी लिहिते. तू यात नको पडू."

"तू लिहिलंस तर म्हणतील, भावजयीनं डूख धरला. आवाज ओळखायचा तर माझ्यापेक्षा कोण ओळखणार?" तिने हात पुढे केला. "ते बोलून लिहायचं असतं ना, ते लावून दे."

उज्वलाने ते पान उघडलं, माइकच्या खुणेवर बोट टेकवलं आणि फोन तिच्यापुढे धरला. लताने सवयीने पदर डोक्यावरून घेतला. पदर बघून कलाबाईंनी रडणं थांबवून मान वर केली. जीवनही बघत राहिला. इतक्या वर्षांत हा पदर असा वर गेला की पुढे काय येतं, ते त्या घरात सगळ्यांना पाठ होतं. उज्वला उभी होती, आणि तिचा पाय हलत नव्हता.



"वाल्मीक निवृत्ती काकड," लता म्हणाली.

मग पदर खाली घेऊन तिने फोनमध्ये डोकावलं. "आलं का बरोबर?"

"आलं," उज्वला म्हणाली.